सुरगाठ की निरगाठ

मुलांनो, जरा डोळे मिटा. डोळे मिटले तर वाचायचं कसं, असं विचारणारं एक तरी पोर प्रत्येक वर्गात असतंच. त्याने एकच डोळा मिटला तरी चालेल. आता कल्पना करा, तुमच्या बुटाची नाडी भिजलेली आहे. तुम्ही शाळेतून घरी आला आहात, पोटात कावळे ओरडताहेत आणि घाईघाईत तुम्ही नाडीचं नको ते टोक ओढलं आहे. बसली गाठ. जितकं ओढावं तितकी ती आवळते. नख शिरत नाही, आणि दात लावू लागलात तर आई ओरडते. दिसली ना गाठ? आता उघडा डोळे.

गाठी दोन जातींच्या असतात, सुरगाठ आणि निरगाठ. सुरगाठ म्हणजे टोक ओढलं की भुर्रकन सुटणारी, शहाणी गाठ. निरगाठ म्हणजे हट्टी. मी चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. पाढे मुलं विसरली असतील, नद्या विसरली असतील, कविता तर मीही विसरलो. पण माझ्या वर्गातून गेलेलं एकही मूल पुढे आयुष्यात नाडीत पाय अडकून पडलं नसेल, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. निरगाठीसाठी माझे तीन नियम होते. एक, कापायची नाही. दोन, ओढायची नाही. तीन, एक टोक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचं आणि त्याने ते ढिलं धरायचं. यातला तिसरा सगळ्यात अवघड. धरायचं तर असतं, पण ओढायचं नसतं. मोठ्या माणसांना ते सहसा जमत नाही.

आमच्या घरात पार्सलाची दोरीसुद्धा कधी कापली गेली नाही. ती सोडवायची, गुंडाळायची आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवायची. आमची ही त्या डब्याला 'मास्तरांचा खजिना' म्हणायची. पण एखादी गाठ अगदीच हटून बसली की स्वतःच्या केसांतला काळा आकडा काढून माझ्या हातात द्यायचीही तीच. गाठीत शिरवायला केसांच्या आकड्यासारखं हत्यार नाही. आता तो आकडा डब्यातच असतो. ही नसते. चार वर्षं झाली.

राहिली मुंगी. मुंगी म्हणजे माझी नात, वय वर्षं सात. तिचं खरं नाव शाळेच्या पटावर आहे, घरात कुणी वापरत नाही. सरळ रेषेत चालते, वाटेत काही आडवं आलं तर त्याला वळसा घालून पुन्हा त्याच रेषेवर येते, म्हणून मुंगी.

तर अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "मास्तर, तुमच्या पोटात गाठ आहे." मला आधी हसूच आलं. डॉक्टरांना वाटलं, धक्का बसला. ते म्हणाले, "घाबरू नका. पुढच्या सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी काढून टाकू." काढल्यावर ती कसली होती ते कळेल, असंही म्हणाले, पण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या लेकीने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मुंगीला यातलं काही सांगायचं नाही. दुसरी, यादी. लेक एका मोठ्या गोदामाची देखरेख करते, त्यामुळे दुःखसुद्धा ती आधी यादीत बसवते आणि मगच करते. सव्वीस वस्तूंची यादी होती. चष्म्याचं घर, चष्मा, दुसरा चष्मा, पहिला सापडत नसेल तर तो शोधायला लागणारा तिसरा चष्मा. मी म्हटलं, "बॅग मी भरणार. माझी मी." आठ दिवस होते हातात. एक बॅग भरायला आठ दिवस! मला वाटलं, उरलेले सात दिवस मी वाचन करीन.

दवाखान्याच्या मापाची बॅग घरात एकच होती. माळ्यावरची, तपकिरी. लेक म्हणाली, "बाबा, ती नको."

"का नको? मजबूत आहे."

"चाकांची आणते ना मी एक नवी."

"चाकांची बॅग ओढत चाललेला मास्तर बघितलायस कुठे? लोक म्हणतील, पर्यटनाला निघाला."

लेक उठली. शिडी आणली, बॅग खाली काढली, धूळ पुसली आणि आत निघून गेली. ही शेवटची दवाखान्यात गेली ती याच बॅगेबरोबर. परत येताना चेन फाटली होती, म्हणून बॅगेला मी सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. निरगाठ. त्या दिवशी नियमबियम पाळण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. बॅग तशीच माळ्यावर गेली. आत काय काय आहे ते मला पाठ होतं, म्हणून उघडण्याची गरज पडली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

पहिल्या दिवशी मी बॅगेसमोर बसलो. आकडा घेतला. गाठीकडे बघितलं. मग चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त चहा दोनदा. तिसऱ्या दिवशी अनुभवी आले.

अनुभवी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पूर्वी जमिनी मोजायचे, आता लोकांचे आजार मोजतात. स्वतः पाच वेळा दवाखान्यात राहून आल्यामुळे अख्खी इमारत त्यांना अनुभवीच म्हणते. त्यांच्या गाठीला अनुभव, माझ्या पोटात नुसतीच गाठ. तेव्हा ऐकून घेणं भाग होतं.

"मास्तर, लिहून घ्या," खुर्ची ओढत ते म्हणाले. "उशी घरची न्यायची. पण घरची आहे असं सांगायचं नाही, नाहीतर परत येताना ती त्यांची होते. नर्सला कधीही 'फार दुखतंय' म्हणायचं नाही. सगळेच फार म्हणतात. 'जरासं वेगळंच वाटतंय' म्हणायचं. धावत येतात."

"आणि भीती वाटली तर?" हे मी विचारणार नव्हतो. तोंडातून गेलं.

अनुभवींनी वर छताकडे बघितलं. "त्याला काय," ते म्हणाले, "छतावरचे पंखे मोजायचे." मग त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. "हे काय? नाड्यांचे मास्तर आणि गाठ सुटत नाही?"

हा घाव वर्मी बसला. मी म्हटलं, सुटेल की, घाई काय आहे. पण अनुभवी तोवर बाह्या सरसावून बसले होते. त्यांनी गाठीवर गरम पाणी ओतलं. सुतळी फुगली. त्यांनी साबण चोळला. सुतळी फुगली आणि निसरडीही झाली. मग मेणबत्ती चोळली, मग वरवंट्याने ठोकलं. अर्ध्या तासाने ती गाठ सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली आणि खोलीला धोबीघाटाचा वास सुटला. आवाज ऐकून लेक कात्री घेऊन आली.

"बाबा, कापते. दोन सेकंदांचं काम आहे."

"कात्री लावायची नाही!"

चौतीस वर्षं चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज होता तो. कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. लेकीने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी बॅगेकडे बघितलं. तिला कळलं असावं. तिने फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं, बराच वेळ पुसत राहिली. अनुभवी उठले. जाता जाता दारात म्हणाले, "त्या गाठीचं राहू द्या. पोटातली काय, सगळ्यात सोपी. डॉक्टर कापून फेकतील, संपलं!"

दारात मुंगी उभी होती. पाठीवर दप्तर, एका बुटाची नाडी सुटलेली.

ती फरशीवरच्या पाण्याला वळसा घालून आत गेली. पण मी सांगितलं ना, ती वाटेतल्या गोष्टींना वळसा घालते. रेष सोडत नाही.

चौथा दिवस दाखल्यात गेला. दवाखान्याला माझ्या तब्येतीचा दाखला हवा होता. म्हणजे बघा, मी आजारी आहे म्हणून मला आत घेणार. पण आजारी माणूस म्हणून आत यायला मी तंदुरुस्त आहे, असं दुसऱ्या डॉक्टरने लिहून द्यायचं. त्या दुसऱ्या डॉक्टरच्या खिडकीवर म्हणाले, आधी छातीचा फोटो आणा. फोटोवाला म्हणाला, आधी चिठ्ठी आणा. चिठ्ठीवाला जेवायला गेला होता. मी बाकावर बसून पंखे मोजले. दोनच होते. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी कानाला नळ्या लावून माझी छाती ऐकली आणि खूश होऊन पाठीवर थाप मारली. "ठणठणीत! या वयात असं हृदय बघायला मिळत नाही. मास्तर, तुम्ही शंभरी गाठाल!"

इथेही गाठच. मी तंदुरुस्तीचा दाखला खिशात घालून घरी चालत आलो. एखाद्या विषयात पैकीच्या पैकी गुण मिळावेत आणि प्रगतिपुस्तकावर नापास लिहिलेलं असावं, तसं वाटत होतं.

जिन्यात मुंगी बसली होती. माझी वाट बघत.

"आजोबा, तुमच्या पोटात गाठ आहे?"

लेकीने सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पण सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देण्याची मला सवय नाही. "आहे," मी म्हटलं.

"कुणी बांधली?"

"कुणीच नाही. आपोआप झाली."

ती विचारात पडली. "आपोआप होते ती निरगाठ. सुरगाठ आपोआप होत नाही, बांधावी लागते. तुम्हीच शिकवलंय."

मुलांनो, शिकवणाऱ्याने एवढं नीट शिकवू नये. मी दोन पायऱ्या खाली तिच्यासमोर उभा होतो, त्यामुळे आमची डोकी एका उंचीवर होती, आणि मला दुसरीकडे कुठे बघता येईना.

"कधी कधी सुरगाठही होते आपोआप," मी म्हटलं. "टोक ओढलं की सुटेल."

चौतीस वर्षांत मुलांना मी शिकवलेली ही पहिली चुकीची गोष्ट.

"मग कापणार कशाला? अनुभवीकाका म्हणाले, कापणार. तुम्ही डॉक्टरांना नियम सांगितले नाहीत?"

"सांगतो हं."

"विसराल तुम्ही. चष्मा विसरता." एवढं बोलून ती उठली आणि वर गेली. तिच्या डोक्यात काहीतरी ठरलं होतं, आणि मला ते विचारायचा धीर झाला नाही.

रविवार उजाडला तरी तपकिरी बॅग कोपऱ्यात तशीच, लिंबाएवढ्या गाठीसह. चाकांची बॅग आणायला लेकीला वेळ मिळाला नव्हता. तिने मुंगीचं मागच्या वर्षीचं दप्तर झटकलं आणि सव्वीस वस्तू त्यात कोंबल्या. उशी मावली नाही. दप्तर पिवळं होतं, त्यावर छत्री घेतलेलं एक बदक होतं. मी बदकाकडे बघितलं, बदकाने माझ्याकडे. आम्ही दोघांनीही काही तक्रार केली नाही.

सोमवारी दाखल व्हायच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "पेशंटला कुठे ठेवलंत?"

"पेशंट मीच."

त्यांनी दप्तराकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "इथे वय सात लिहिलंय."

"त्र्याहत्तर. पुढचा एक आकडा गळला असेल."

"आता संगणकात सात गेलंय. बदलायचं तर साहेब लागतात, साहेब दुपारी. तोवर वर जा. तिसरा मजला, बालविभाग."

"अहो, पण—"

"मागे रांग आहे, आजोबा."

तर मुलांनो, मी चार तास बालविभागात दाखल होतो. भिंतीवर मासे होते. खाटेला कठडा होता. एका नर्सताईंनी कागद बघून मला लहानसा झगा आणून दिला आणि मी तो बाहीपर्यंतच घालू शकलो. शेजारच्या खाटेवर पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी होती. तिने बराच वेळ माझं निरीक्षण केलं आणि हळूच विचारलं, "एवढे मोठे झालात तरी अजून मुलांत? नापास झालात का?"

"वाटतंय तसं," मी म्हटलं. त्या आठ दिवसांत मी पहिल्यांदा मोकळेपणाने हसलो. मग दुपारभर मी तिला सुरगाठ शिकवली. झग्याच्या नाड्यांवर. चलाख बोटांची मुलगी होती, तिसऱ्यांदा जमली.

संध्याकाळी साहेब आले, माझा गळलेला आकडा परत मिळाला आणि मला खालच्या मजल्यावर मोठ्यांच्यात नेलं. तिथे दुसऱ्या नर्सताईंनी सामानाची नोंद केली. "चष्मे, तीन. टॉवेल, एक. हे काय? केसांचा आकडा, एक. आजोबा, तुम्हाला कशाला लागतो?" आणि आकड्याला अडकवलेला वहीचा कागद त्यांनी उघडला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग कागद माझ्याकडे न देता आकड्यासकट डॉक्टरांच्या फायलीत ठेवला. डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनीही तो वाचला, उभ्या उभ्या, आणि घडी घालून आकड्यासकट खिशात टाकला. त्यांनी मला तो नंतर दाखवला. अक्षर ओळीवरच होतं, एक अनुस्वार तेवढा राहिला होता.

'डॉक्टरकाका, आजोबा विसरतील म्हणून लिहिते. गाठ कापू नका. ओढू नका. आजोबांना टोक धरायला सांगा, ते ढिलं धरतात. हा आकडा आजीचा आहे. काम झाल की परत द्या.'

मंगळवारी मला आत नेलं. छतावर पंखे नव्हते, मोठे दिवे होते. ते मोजता मोजता सहापर्यंत गेलो.

जाग आली तेव्हा लेक पायाशी होती. थोड्या वेळाने डॉक्टर आले आणि स्टूल ओढून बसले. अनुभवींनी मला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, पण ही सांगितली नव्हती: बातमी चांगली असली की डॉक्टर उभे राहून सांगतात.

"मास्तर," ते म्हणाले, "उघडलं, बघितलं आणि तसंच बंद केलं. खूप पसरली आहे, सगळ्याला गुंतलीय. कापली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. औषधांनी दुखणं कमी राहील, म्हणाले. वेळेबद्दल मी विचारलं, त्यांनी सांगितलं. या वेळी खिडकीबाहेर बघितलं नाही. उठताना खिशातून आकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा परत द्यायचा होता."

दहाव्या दिवशी घरी आलो. पिवळं दप्तर जावयाच्या खांद्यावर, जिना मी रेलिंग धरून. वर दारातच मुंगी. तिने माझ्या पायांना मिठी मारली नाही, पोटाकडे बघितलं.

"कापली?"

"नाही," मी म्हटलं.

"बघ आई! बघ! ऐकलं त्यांनी माझं!" ती दोन्ही पायांवर उड्या मारत घरभर फिरली. "मी लिहिलं होतं! मी लिहिलं होतं ना!" लेक स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. भांडी नव्हती, नुसता नळ. जावई दप्तर हातात धरून तसाच उभा राहिला.

तिथेच थांबलो असतो तर चाललं असतं. लेकीचीही तीच इच्छा होती. पण जिन्यातली ती एक चुकीची शिकवणी माझ्या मानेवर बसली होती, आणि चुकीचं शिकवलेलं दुरुस्त करायचं तर ते त्याच मास्तराने करावं लागतं. दुसऱ्याने केलं तर पोरं मास्तरावर विश्वास ठेवत नाहीत.

मी खुर्चीत बसलो, खिशातला आकडा तळहातावर घेतला आणि तिला जवळ बोलावलं. "मुंगे, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. सुरगाठ आपोआप होत नाही. तुझं बरोबर होतं."

ती उड्या मारायची थांबली. "म्हणजे निरगाठ आहे?"

"निरगाठ आहे."

"डॉक्टरांनी आकडा घालून बघितला?"

"बघितलं त्यांनी. सगळं करून बघितलं. ती सुटणार नाही."

"थोडी थोडी पण नाही?"

"नाही, बाळा."

नळ बंद झाला. मुंगी माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडेच बघत राहिलो. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. मला वाटतं तिला तो येत होता.

मग तिने माझ्या तळहातावरचा आकडा उचलला. कोपऱ्यात गेली. तपकिरी बॅग तिला उचलवेना, म्हणून ती दोन्ही हातांनी ढकलत, फरशीवरून घासत माझ्या खुर्चीपर्यंत घेऊन आली. आकडा माझ्या हातात दिला. वाळून कडक झालेली ती लिंबाएवढी गाठ माझ्या बोटांसमोर आणली. आणि सुतळीचं दुसरं टोक स्वतःच्या चिमटीत घेऊन माझ्या पायाशी मांडी घालून बसली, आणि तिने ते ढिलं धरलं.